वजनाचा नमुना

कुपवाडच्या शेडमध्ये ट्रेसिंगच्या टेबलावर मी होते,
सत्त्याऐंशी ते एक्क्याण्णव.
प्रत्येक कागदाच्या उजव्या कोपऱ्यात, तळाशी,
'काढले : सु. ना.'
एवढीच माझी जागा.
निळ्या रेघांचे कागद अमोनियाचा वास घेऊन बाहेर यायचे,
दुपारी डब्यातल्या भाकरीलाही तोच वास.

आदगोंडा मगदूम रात्रीचं जेवत नसत.
लेथखाली मुंग्यांची रांग दिसली
तर ती सरेपर्यंत मशीन बंद.
आणि रायफल बनवत होते.
कुणी विचारलंच तर चष्म्यावरून बघायचे,
"मी मारत न्हाई बाबा, मी मोजतो."
मग मायक्रोमीटरच्या तीन टकटका ऐकून
आकडा सांगायचे, मी लिहायचे.

कागदोपत्री ती एम-सात.
पोरं तिला खिलार म्हणायची,
रंग चढायच्या आधीची पांढुरकी, सडपातळ.
टेंडरात होतं : रिकाम्या मॅगझिनसह साडेतीन किलो.
खिलार भरली तीन किलो आठशे.

तीनशे ग्रॅम.
सौद्याआधी पोत्यातून नमुन्याला काढतात तेवढी हळद.

दोन वर्षं आम्ही ते तीनशे ग्रॅम शोधत होतो.
बोल्टच्या अंगात भोकं पाडली,
ट्रिगरची कमान पत्र्याची केली,
एका स्क्रूची तर मान कापली, त्याचे चार ग्रॅम.
अपशिंग्याहून सुभेदार करंडे एसटीनं यायचे,
डोळे मिटून तिला दोन्ही हातांवर धरायचे
आणि काट्याकडे न बघता म्हणायचे,
"इथं हलकीच हाय. सोळाव्या मैलाला इचारा."

शेवटी मिरजेहून दस्तगीर शिकलगारांना आणलं.
त्यांच्या घराण्यात आधी तलवारींना धार लावत,
मग तलवारी राहिल्या नाहीत, सतारी आल्या.
त्यांनी दस्त्याचं लाकूड नखानं वाजवून पाहिलं.
"भरीव आहे म्हणून गप्प आहे," म्हणाले,
आणि तुंबा कोरतात तसा तो आतून कोरून दिला.
दोनशे दहा ग्रॅम गेले!
त्या दिवशी मगदुमांनी सगळ्यांना पेढे वाटले.
स्वतः मात्र सूर्य बुडालेला पाहून पेढा कागदात बांधला.

चाचणीत एकशे बाराव्या गोळीला दस्ता चिरला.
करंडे सांगत होते, आवाज फार गोड आला.

पुन्हा भरीव दस्ता. पुन्हा तीन आठशे.
पत्र दोन ओळींचं होतं, त्यात 'खेद' हा शब्द टाइप करताना
खालचा अर्धा उमटलाच नव्हता.
मध्येच आफ्रिकेतल्या कुठल्याशा देशानं चाळीस मागवल्या,
पॅकिंगच्या खोक्यांची चित्रंसुद्धा मी काढली,
तर तिथलं सरकारच बदललं.
चालणाऱ्या सगळ्या नळ्या मोजून सरकारजमा झाल्या.
शेडमध्ये उसाच्या चरकाचे रोलर बनू लागले,
त्यांना वजनाचं काही नव्हतं.

एकोणीसच्या पुरानंतर मगदुमांच्या मुलाचा फोन आला.
गावभागातलं घर, भिंतीवर पुरुषभर उंचीला चिखलाची रेघ.
माळ्यावरून पडलेल्या पेटीत एक वस्तू होती :
भरीव नळीची, कधीच न उडणारी,
फक्त वजन दाखवायला केलेली.
मी पदरानं चिखल पुसला, बोल्ट मागे ओढला.
गाळ बाहेर आला, आणि तो सरकला,
खट्ट, जसा कागदावर सरकायचा.

"काकू, पोलिसांना दाखवून आणलीय," तो म्हणाला,
"ते म्हणाले, लोखंडच आहे, द्या भंगारात."
हातगाडीवाला बाहेर फ्रिज आणि शिलाई मशीन बांधत होता.
त्यानं तिला ताणकाट्याच्या आकड्याला अडकवलं.
तीन नऊशे. ओल्या लाकडासकट.

त्यानं आमच्या दोघांच्या तोंडाकडे पाहिलं,
चिखलाकडे पाहिलं,
आणि म्हणाला,
"जाऊ द्या, साडेतीन धरू."